तेवढी टाकी राहू द्या

"बटण दाबा," मी म्हणालो.

जालिंदरने डॅशबोर्डावरचं बटण दाबलं. बॉनेटखालून घुर्रर्र असा आवाज आला आणि काचेवर पाण्याचा टिपूसही पडला नाही.

"धरून ठेवा."

त्याने धरून ठेवलं. घुर्रर्र, घुर्रर्र. काचेवरची धूळ होती तिथेच राहिली आणि धुळीपलीकडे माझ्या जावयाचं कोरं तोंड तसंच राहिलं.

"सोडा आता, मोटर जळंल. कवापासनं बंद हाय हे?"

जालिंदर विचारात पडला. साधी वेळ विचारली तरी हा माणूस आधी आभाळाकडे बघायचा, मग जमिनीकडे, आणि उत्तर येईपर्यंत विचारणारा आपला प्रश्न विसरून जायचा. "हाय की मामा, दसरा झाल्यापासनं," शेवटी तो म्हणाला.

माघ चालू होता. मी बोटं मोजली. "चार महिनं! आणि उद्या आरटीओत गाडीचं पासिंग!"

"आज काढणारच हुतो मामा. हितक्यात तुम्ही आलासा."

"म्हंजे मीच आडवा आलो म्हणा की."

"तसं न्हवं," तो म्हणाला.

मी चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत काढली, त्यातली शेवटची अकरा हेड मेकॅनिक म्हणून. माझ्या हाताखालून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडली असं कधी झालं नाही. झालं असेल तर ती ड्रायव्हरची चूक. अशा माणसाच्या नशिबी जावई आला तो हा जालिंदर पिसाळ. तासगावच्या पुढे बेंदवाडीला एक रोपवाटिका आहे, तिथून वांग्याची, मिरचीची, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये भरायची आणि गावोगावच्या शेतांवर नेऊन पोचवायची, हा याचा धंदा. एका जुन्या पिकअपचा हा मालक, हाच ड्रायव्हर आणि हाच हमाल. गाडीचा डावा दरवाजा आतून उघडत नसे. काच खाली करून हात बाहेर घालायचा आणि बाहेरचा खटका ओढायचा. मागच्या फळीवर त्याने पेंटरकडून 'सावकाश या' असं लिहून घेतलं होतं. मालकाचा स्वभाव गाडीवरच लिहिलेला असल्यामुळे निदान फसवणूक तरी नव्हती.

माझी वैजयंता बी.ए. झालेली. हे स्थळ तिच्या आजोळच्या लोकांनी आणलं होतं. मी पहिल्यापासून नको म्हणत होतो, असं मी लग्नानंतर सगळ्यांना सांगत असे.

त्या दिवशी मी न कळवता सकाळच्या गाडीने आलो, त्यालाही कारण होतं. आठवड्यापूर्वी डेपोतला एक जुना सोबती बाजारात भेटला आणि हसत हसत म्हणाला, "शेवाळेसाहेब, तुमची लेक परवा दिसली. चालत्या पिकअपच्या खिडकीतनं निम्मी भाईर, हातात बाटली, काचंवर पाणी मारतीया. नवरा वायपर फिरवतोय. लई भारी जोडी!" चार लोकांत तो हसला आणि ते चार लोकही हसले. हिंदुराव शेवाळेच्या मुलीला गाडीची काच धुवायला खिडकीत लोंबकळावं लागतं! त्याच दिवशी मी मिरजेला जाऊन शब्द टाकून आलो.

वैजू चहा घेऊन बाहेर आली तेव्हा माझे हात बॉनेटमध्येच होते. "आण्णा, आल्या आल्या गाडीत कशापायी शिरलासा? हात धुवा. च्या घ्या."

"च्या हितंच ठेव. आणि ऐक. मिरजेला माझ्या वळखीच्या माणसाचं शीतगृह हाय, बेदाणा ठेवत्यात. तिथं सुपरवायझर पायजे. खुर्चीतलं काम. सोमवारपासनं जालिंदररावांनी हजर व्हायचं. मी सांगून आलोय."

"आणि गाडी?"

"गाडी विकायची. कोण घेणारा गावला तर."

जालिंदर पिकअपमधून खाली उतरला. उतरताना दरवाजा हळू लावला. तो दरवाजाही असा लावायचा, जणू आत कुणी आजारी माणूस झोपलाय. ही गाडी घेण्याआधी त्याने सहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. ही पहिली त्याची स्वतःची.

"मामा," तो म्हणाला, "गाडी बरी चाललीया. रोपवाटिकेचं काम वर्षभराचं हाय. उद्या पासिंग झालं की म्होरच्या सालाचं बी पक्कं हुईल."

"बरी चाललीया? माझी पोर खिडकीला लटकून काच धुतीया, आणि ह्यांची गाडी बरी चाललीया!"

"बाटली मी माझ्या मनानं घेतली आण्णा," वैजू म्हणाली. "झाकणाला भोकं मीच पाडली. सकाळी दव पडतं, वर पाचटाची राख आणि रस्त्याची धूळ. काचंचा नुसता चिखल हुतोय. ह्यांनी एका हातानं गाडी चालवायची आणि एका हातानं काच पुसायची का?"

"ह्यांनी वॉशर दुरुस्त करायचा!" मी ओरडलो. "दोन नळ्या, एक मोटर आणि एक पाण्याची टाकी. ह्यापरीस जास्त काय न्हाई त्यात! डेपोत झाडलोट करणारा माणूस सुदिक दुरुस्त करंल. ज्याला एवढं जमत न्हाई त्यानं गाडी ठेवूच नये."

आवाज ऐकून विहीणबाई, जालिंदरच्या आई अनसूयाबाई, उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मला तेच हवं होतं. साक्षीदार असले की माझा आवाज आणखी चढतो.

"हे बघा पाव्हणं," मी जालिंदरला म्हणालो, "मी माणूस सरळ हाय. आज ह्या वॉशरचा दोष माझ्या हातानं काढून तुमाला दाखवतो. तुमच्या बेफिकिरीनं बिघडला असंल, तर गाडी विकायची आणि मिरजेला यायचं. दुसरं कायबी कारण निघालं, तर ह्या गाडीचं नाव मी आयुष्यात परत काढणार न्हाई. कबूल?"

जालिंदरने वैजूकडे पाहिलं. वैजूने सासूकडे पाहिलं. तिघांचं डोळ्यांनी काहीतरी बोलणं झालं. मला वाटलं, घाबरले.

"मामा, तसलं काय नगो. पासिंग हुंद्या, मग निवांत बोलू."

"कबूल का न्हाई? एका शब्दात सांगा. तुमाला तेवढंच येतं."

त्याने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "कबूल," म्हणाला.

मी शर्ट काढून बनियनवर आलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. निवृत्तीनंतर तीन वर्षांत मला कुणी काही दुरुस्त करायला सांगितलं नव्हतं, आणि आज दुरुस्ती करता करता जावयाची लायकीही सिद्ध होणार होती.

आधी काचेखालची पाणी उडवणारी दोन नळकांडी. वैजूकडून सुई मागून घेतली आणि दोन्हींची भोकं टोकरली. स्वच्छ होती. मग नळी. एका टोकाला तोंड लावून फुंकर मारली, दुसऱ्या टोकाने हवा सरळ बाहेर आली. नळीला जिथे फाटा फुटतो तो सांधा काढून पाहिला, तोही मोकळा. प्रत्येक वेळी मी "आता बघा" म्हणायचो आणि प्रत्येक वेळी बघण्यासारखं काही निघायचं नाही. जालिंदर शेजारी पाने घेऊन उभा होता. मी "आठचा" म्हणायच्या आधी आठचा पाना माझ्या हातात आणि "दहाचा" म्हणायच्या आधी दहाचा. याचा मला फार राग आला. अडाणी माणसाने अडाण्यासारखं वागावं.

"क्लिपा नव्या दिसत्यात," मी म्हणालो. नळीवरच्या क्लिपा खरोखर नव्या होत्या.

"बदलल्यात."

"कशापायी?"

"सैल झाल्या हुत्या."

"सैल आपोआप हुत्यात व्हय? सारखं काढघाल केली की हुत्यात. काम येत न्हाई त्यो माणूस असाच. उगं हात घालायचा, काढायचं, लावायचं, आणि बिघाड हाय तिथंच."

"व्हय मामा," जालिंदर म्हणाला. या माणसाचा अपमान करायचा म्हणजे मोठं कष्टाचं काम होतं. समोरून काहीच परत येत नसे.

आता राहिली टाकी आणि तिच्या बुडाला बसवलेली मोटर. मी टाकीला हात घातला आणि काम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच जालिंदर आपणहून बोलला. "मामा, तेवढी टाकी ऱ्हाऊ द्या."

"का?"

"ती मी काढतो नंतर. तुमचं हात खराब हुतील."

हेड मेकॅनिकचे हात खराब होतील! मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो नजर देईना. तेवढ्यात वैजू म्हणाली, "आण्णा, आधी जेवून घ्या. भाकरी गार व्हाय लागल्या." विहीणबाईही आतून म्हणाल्या, "व्हय पाव्हणं, सकाळपासनं दमलासा."

जेवायला बसलो. वांग्याची भाजी झकास होती, तरी मी मीठ कमी आहे म्हणालो. जेवण होता होता विहीणबाई म्हणाल्या, "घोंगडं टाकलंय आत. जरा आडवं व्हा." वैजू म्हणाली, "पडा आण्णा तासभर. ऊन उतरलं की मी उठवते." जालिंदर जेवला न जेवला असं करून पाट सोडून उठला आणि गाडीकडे निघाला.

तेव्हा माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. टाकीत काहीतरी होतं. या तिघांनाही ते ठाऊक होतं आणि मला ते दिसू द्यायचं नव्हतं. काय असेल? मला विचार करावा लागला नाही. नोकरीत असताना एक ड्रायव्हर मी पाहिला होता, पाण्याच्या कॅनमध्ये दारू घेऊन फिरायचा आणि वरून सगळ्यांना पाणी पाणी म्हणायचा. म्हणजे हे असं होतं तर! म्हणून वॉशर बंद, म्हणून माझ्या पोरीच्या हातात बाटली, आणि म्हणून हे कोरं तोंड. माझा राग एकदम थंड झाला. आता मला ओरडायची गरज नव्हती. आता मी हा माणूस त्याच्या आईच्या आणि बायकोच्या समोर उघडा पाडणार होतो.

"जालिंदरराव, थांबा," मी म्हणालो. "टाकी मीच काढणार. वैजू, घमेलं आण. विहीणबाई, तुमीबी भाईर या. सगळ्यांनी बघायचं."

"आण्णा, ऱ्हाऊ द्या की," वैजू म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. मला वाईट वाटलं, पण ते नवऱ्याच्या वागण्याचं वाईट वाटलं.

टाकी दोन बोल्टांवर बसवलेली होती. बोल्ट सहज फिरले. मोटरची वायर आणि नळी काढून मी टाकी बाहेर ओढली. मूळची पांढरी, पण राखेने आणि चिखलाने अशी माखलेली की आतलं काही दिसत नव्हतं. मी त्या तिघांकडे एकदा बघून घेतलं, झाकण काढलं आणि नाक लावलं.

दारूचा वास नव्हता. आंबलेल्या भाताचा वास होता.

मी घमेल्याकडे तोंड करून खाली बसलो. माझी पाठ त्या तिघांकडे झाली. टाकी उपडी केली. आधी गढूळ पाणी पडलं, मग पांढरट लगदा थबथब पडायला लागला. लगद्यात तांदूळ होते, फुगलेले, काहींना अजून कुंकवाचा लाल रंग होता. दूर्वांच्या काड्या होत्या. मोटर ओढून काढली तर तिच्या तोंडाला तेच बसलेलं. टाकी हलवली, तर आत काहीतरी खडखडलं. बुडाच्या भोकातून बोट घातलं, आणि सुपारी माझ्या तळहातावर येऊन पडली.

सुपारी पूजेची होती. पूजा माझी होती.

दर खंडेनवमीला जालिंदर मला बोलवायला यायचा. हत्यारांची आणि गाडीची पूजा मामांच्या हातूनच व्हायला पाहिजे, मामा एवढे मोठे मेकॅनिक, असं तो म्हणायचा आणि मला ते पटायचं. पूजा झाली की कलशातलं पाणी कुठे ओतायचं? पायदळी तर येता कामा नये. वैजू पहिल्या वर्षी म्हणाली होती, तुळशीला घालते. मी तिला गप्प केलं. गाडीच्या पूजेचं पाणी गाडीच्याच पोटात गेलं पाहिजे, हे माझं शास्त्र. दुसऱ्या कुणाचं असल्याचं मी ऐकलेलं नाही. मी डोळे मिटून, हात जोडून, अक्षतांसकट, दूर्वांसकट ते पाणी वॉशरच्या टाकीत ओतायचो. या खंडेनवमीला कलशातली सुपारी सापडली नव्हती. त्यावरून मी वैजूला सगळ्यांसमोर बोललो होतो. पूजेची सुपारी हरवते म्हणजे काय, लक्ष कुठं असतं तुझं, असं.

मी खाली बसूनच होतो. हातात सुपारी आणि समोर टाकी. चौतीस वर्षं मी गाड्यांकडे बघून, त्यांना कुणाचे हात लागलेत ते सांगत आलो, आणि आता ही टाकी मला सगळं सांगत होती. बोल्टांच्या माथ्यावर पान्याच्या ताज्या खुणा. मोटर नवी, गाडीपेक्षा कितीतरी नवी. बुडाचं रबरही बदललेलं. क्लिपा नव्या. चार खंडेनवम्या मी इथे केल्या होत्या. तीन वर्षं या माणसाने माझी पाठ वळली की टाकी उतरवली, तांदूळ काढले, गरज पडली तिथे मोटर बदलली आणि मला काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मला बोलवायला आला. मी पुन्हा ओतलं. या वर्षी मात्र तो कंटाळला असावा. आता पासिंगसाठी आज टाकी उतरवायची, एवढंच त्याने ठरवलं होतं. मी न कळवता आलो.

"काय निघालं, आण्णा?" मागून वैजूने विचारलं.

"काय न्हाई. कचरा."

"बघू."

"कचऱ्यात काय बघायचं?"

"मूठ उघडा की आण्णा," ती म्हणाली.

"वैजू," जालिंदरचा आवाज आला. त्याला बायकोवर आवाज चढवताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "गप ऱ्हा तू."

ती माझ्या मागे उभी होती. तिची सावली घमेल्यावर पडली होती. घमेल्यातले तांदूळ तिला दिसत असणारच, पण तांदूळ म्हणजे काहीही असू शकतं, लगदा म्हणजे काहीही असू शकतं. सुपारी म्हणजे मात्र सुपारीच. ती पुढे आली आणि वाकली. मी मूठ तोंडाकडे नेली आणि सुपारी तोंडात टाकली.

"सुपारी खातोय," मी म्हणालो. "माझी. खिशातली. जेवण झालं की लागती मला."

मी सुपारी सोडली त्याला सोळा वर्षं झाली होती. वैजूला ते ठाऊक होतं. चार महिने कुजलेल्या पाण्यात भिजलेली, कपडे धुण्याच्या साबणाचा वास मारणारी सुपारी. त्यांनी मधे कधीतरी साबणाचं पाणी ओतून बघितलं असावं. ती दातांखाली मऊ लागत होती. चावली की कडू पाणी सुटत होतं. थुंकता येत नव्हतं, कारण थुंकलो असतो तर कुंकू दिसलं असतं.

"मग पाव्हणं," विहीणबाईंनी हळूच विचारलं, "कशानं बिघडलं हुतं?"

आता निकाल द्यायची वेळ होती. मीच सगळ्यांना बाहेर बोलावून उभं केलं होतं. मी सुपारी गालात सारली. "गाळ," मी म्हणालो.

"व्हय," जालिंदर लगेच म्हणाला. "मीच घाण केलीया. हिरीचं पाणी तसंच वततो, गाळत न्हाई. माझी चूक हाय, मामा."

तो खाली बसला, माझ्या हातातून टाकी काढून घेतली आणि बादलीभर पाण्याने तीन वेळा विसळली. मोटरचं तोंड धुतलं, जुन्या ब्रशने घासलं, रबर चेपून बसवलं, दोन बोल्ट, वायर, नळी, क्लिपा. हात न अडखळता चालत होते. मी अकरा वर्षं लोकांना शिकवलं, त्यातले दोघेतिघेच असं काम करायचे. घमेल्यातला लगदा त्याने फेकून दिला नाही. घमेलं उचलून आईच्या हातात दिलं. विहीणबाईंनी ते दोन्ही हातांनी धरलं, परसात नेलं आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. वाटेत कुणाचा पाय पडू नये म्हणून त्या कडेकडेने गेल्या. सगळं त्यांनाही ठाऊक होतं.

जालिंदर गाडीत बसला आणि त्याने बटण दाबलं. दोन्ही नळकांड्यांतून पाणी काचभर उडालं. वायपर फिरला. काच लख्ख झाली आणि काचेपलीकडे तो बसलेला स्पष्ट दिसला. तो हसत नव्हता.

तो खाली उतरला. किल्ली काढून घेतली होती. माझ्यासमोर येऊन त्याने ती दोन्ही हातांवर धरली.

"कबूल केलं हुतं मामा," तो म्हणाला. "सोमवारी मिरजेला येतो. उद्याचं तेवढं पासिंग करून देतो, म्हंजे घेणाऱ्याला बरं पडंल."

एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. 'सुपारी माझी होती,' एवढंच. ते वाक्य मला आलं. जिभेपर्यंत आलं. जिभेवर सुपारी होती.

मी किल्ली घेतली आणि थोडा वेळ हातात वजन करत उभा राहिलो, जणू काही ठरवतोय. मग ती त्याच्याकडे परत केली.

"घ्या," मी म्हणालो. "या खेपेला सोडलं तुमाला. माणसाकडनं चुका हुत्यात. मी काय दगड न्हाई. मिरजेला मी सांगून टाकतो, नगो म्हणून. पर म्होरं जरा ध्यान ठेवत जावा."

"उपकार झालं, मामा," जालिंदर म्हणाला. आवाजात कुठेही टोमणा नव्हता. मी फार शोधला. त्याने किल्ली वरच्या खिशात ठेवली, खाली वाकला आणि माझ्या दोन्ही पायांना हात लावून नमस्कार केला.

नमस्कार केलेल्या माणसाला आशीर्वाद द्यायचा असतो. माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसता नाकातून हुंकार दिला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या वाकलेल्या पाठीपलीकडे वैजू उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. ती रडत नव्हती. चिडलेलीही दिसत नव्हती. मी आयुष्यभर वाईट मेकॅनिकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखली.

तिने तांब्या माझ्यासमोर धरला.

"थुंका आता, आण्णा," ती म्हणाली. "आमचं बघून झालं."